देवळातला वाघ आणि रुद्रप्रयागचा बिबळ्या

जिम कॉर्बेट यांच्या पुस्तकांस महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत जो जिव्हाळ्याचा आश्रय मिळाला, तो दुसऱ्या कोणा परभाषी शिकाऱ्याच्या वाट्यास क्वचितच आला असेल. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईहून प्रसिद्ध केला. त्यामागून रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्याची हकीकत आली. पुढे १९५२ साली ‘माय इंडिया’, १९५३ साली ‘जंगल लोअर’ आणि १९५४ साली ‘द टेम्पल टायगर’. मराठीत त्यांची भाषांतरे झाली. आणि पावसाळ्याच्या रात्री वडिलांनी मोठ्याने वाचावे व मुलांनी पांघरूण नाकापर्यंत ओढून ऐकावे, असा रिवाजच पुष्कळ घरांत पडून गेला. ह्या रिवाजाविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या ग्रंथांची गोडी भीतीच्या मार्गाने लागते ते ग्रंथ पुढे भीतीपुरतेच लक्षात राहतात, आणि त्यांत दुसरे जे काही सांगितलेले असते ते वाचूनही न वाचल्यासारखे होते. कॉर्बेट यांचे असे झाले आहे. डोंगरातील माणूस आणि त्याच्या उंबरठ्यापर्यंत येणारे श्वापद ह्यांचा शेजार कसा चालतो, तो कोणाच्या हयगयीने मोडतो आणि मोडल्यावर त्याचा भुर्दंड कोणास पडतो, हा ह्या ग्रंथांचा खरा विषय आहे. तो ग्रंथकाराने कितपत पेलला, ह्याची थोडी चिकित्सा येथे करावयाची आहे.

प्रथम गुणाचे बोलावे. कॉर्बेट यांचा जन्म १८७५ साली नैनितालास झाला, आणि थंडीचे दिवस पायथ्याच्या कालाढुंगी गावी काढीत ते वाढले. त्यांनी लेखणी हाती घेतली ती उतारवयात. त्यामुळे लेखक म्हणून नाव काढण्याची धडपड त्यांच्या गद्यात दिसत नाही. वाक्ये साधी, वर्णन नेमके, विनोद स्वतःवरच केलेला. पण शैलीपेक्षा मोठा गुण निराळा आहे. त्यांच्या बहुतेक कथांत वाघ मेल्यानंतर कथा संपत नाही. शिकारी मेलेल्या जनावराजवळ बसतो, त्याचे दात पाहतो, पंजे उलथून पाहतो, कातड्याखालच्या जुन्या जखमा शोधतो. हा एक प्रकारचा पंचनामाच असतो, आणि तो बळी गेलेल्यांचा नसून मारणाऱ्याचा असतो. चंपावतच्या ज्या वाघिणीच्या नावावर नेपाळात व कुमाऊंत मिळून ४३६ माणसे नोंदली गेली, ती १९०७ साली मारली गेल्यावर तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले; ते कोणा एका बंदूकवाल्याच्या जुन्या गोळीने मोडले होते. मुक्तेसरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झटापटीत गेला होता आणि अंगात काटे रुतून बसले होते. चौगढची वाघीण तर नखे मोडलेली आणि दात झिजलेली अशी थकलेली म्हातारी निघाली. ह्या सर्व पंचनाम्यांवरून ग्रंथकार जो निर्णय देतो तो असा की, मनुष्य हे वाघाचे स्वाभाविक भक्ष्य नाही. वाघ मनुष्याकडे वळतो तो बहुधा जखमेमुळे व क्वचित वार्धक्यामुळे, आणि त्या जखमेमागे पुष्कळदा मनुष्याचाच हात असतो.

आज हा विचार आपणांस परिचयाचा झाला आहे. परंतु ज्या काळी वाघ मारणे हा संस्थानिकांचा व साहेबांचा केवळ करमणुकीचा धंदा होता, आणि मारलेल्या वाघांच्या रांगेमागे उभे राहून छायाचित्र काढून घेणे हे भूषण समजले जात असे, त्या काळात वाढलेल्या एका शिकाऱ्याने अपराध्याच्या बाजूने अशी कैफियत द्यावी, हे सामान्य नव्हे.

रुद्रप्रयागच्या पुस्तकात ही कैफियत अधिक खोल जाते. सरकारी दप्तराप्रमाणे १९१८ ते १९२६ ह्या अवधीत ह्या एकाच बिबळ्याने १२५ माणसे मारली. केदारनाथ आणि बदरीनाथ ह्या दोन्ही क्षेत्रांचे रस्ते रुद्रप्रयागास फुटतात. त्यामुळे वर्षोवर्षी देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे यात्रेकरू त्याच्या टापूतून पायी जात, उघड्या धर्मशाळांत निजत, आणि त्याचे नाव घरोघर घेऊन परतत. हा बिबळ्या माणसांकडे कसा वळला? कॉर्बेट याचे उत्तर १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शोधतात. त्या साथीत डोंगरी गावांतून इतकी माणसे मेली की, दहनास लाकूड वाहण्यास व प्रेत नदीकाठी नेण्यास पुरेसे हातच उरले नाहीत. तेव्हा मृताच्या मुखात एक जळता निखारा ठेवून प्रेत कड्यावरून दरीत लोटून देण्यावर उत्तरक्रिया आटोपू लागली. दरीतल्या बिबळ्यास भक्ष्य आयते मिळाले. साथ ओसरली तेव्हा आयते भक्ष्य बंद झाले, पण चटक राहिली. येथे कोणी नेम चुकलेला शिकारी नाही, कोणी दुष्ट नाही. शोकाने व रोगाने खचलेल्या माणसांनी जे केले त्यावाचून त्यांस गत्यंतर नव्हते. आणि तरीही पुढील आठ वर्षांच्या संहाराचा उगम त्यांच्याच कृतीत होता. हा प्रसंग ग्रंथकाराने एका परिच्छेदात, कोणासही दोष न देता सांगितला आहे. जबाबदारी आणि अपराध ह्या दोहोंतला भेद इतक्या थोड्या शब्दांत दाखविणारे दुसरे उदाहरण शिकारवाङ्मयात आम्हांस आढळलेले नाही.

ह्याच पुस्तकातली ती पोरक्या मुलाची गोष्ट पुष्कळांस पाठ असेल. चौदा वर्षांचा एक मुलगा. त्याच्या हवाली चाळीस शेळ्या. रात्री त्याने शेळ्यांसहच एका लहानशा खोलीत निजावयाचे. धनी बाहेरून दार ओढून घेऊन कडीत लाकडाचा तुकडा अडकवून जाई, आणि मुलगा आतून दारास दगड लावी. एके रात्री बिबळ्याने दार ढकलले, आणि चाळीस शेळ्यांमधून वाट काढून तो कोपऱ्यात निजलेल्या मुलाकडे गेला. सकाळी एकाही शेळीस ओरखडा नव्हता. वाचकांच्या स्मरणात ह्यातला बिबळ्या राहतो. त्याची ती अमानुष निवड राहते. आम्हांस मात्र प्रत्येक वेळी वाचताना ते दार दिसते. शेळ्यांचे मोल असलेला धनी आहे, तो दार ओढून जातो. परंतु भक्कम दार बसविण्याइतके मोल त्या पोराच्या जिवास नाही. रानाच्या कडेस राहणाऱ्या समाजात श्वापद पहिल्याने कोणास गाठते, हे त्या समाजाने दारे कोणास दिली आणि कोणास दिली नाहीत ह्यावर पुष्कळसे ठरते. कॉर्बेट हे दार दाखवितात, आणि त्याविषयी काही न बोलता पुढे बिबळ्याच्या मागावर जातात.

येथून आमच्या आक्षेपास प्रारंभ होतो.

शिकारकथेस स्वतःचा असा एक साचा असतो. गावावर संकट येते. गावकरी हतबल होतात. लांबून एक मनुष्य बंदूक घेऊन येतो. नाना अडचणी सोसून तो संकट निवारतो. गाव मोकळा श्वास घेते. कॉर्बेट हे प्रामाणिक लेखक असल्यामुळे त्यांची सामग्री ह्या साच्यातून जागोजाग बाहेर सांडते, पण साचा ते मोडीत नाहीत. चंपावतच्या कथेचाच विचार करावा. पाली गावी शिकारी पोहोचतो तेव्हा माणसे पाच दिवस दारे लावून बसलेली असतात. त्यांचे पीक उभे असते, गुरांचा चारा संपलेला असतो. तो बंदूक घेऊन उभा राहतो आणि त्याच्या पाठबळावर लोक कापणीस उतरतात. पुढे चंपावतेस तहसीलदार २९८ माणसांचा हाका जमवितो आणि विनापरवाना बंदुकांकडे काणाडोळा करतो. आणि जी गोळी अखेर वाघिणीस लोळविते ती ह्या तहसीलदाराच्याच जुनाट, नळीमागे फट पडलेल्या बंदुकीतून सुटते. म्हणजे चंपावतची वाघीण वस्तुतः तीनशे माणसांनी मारली. परंतु कथा मनात ठसते ती एका माणसाची म्हणून.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. कुमाऊं-गढवालच्या डोंगरांत रानाशी नित्याचा व्यवहार स्त्रियांच्या हाती आहे. गवत त्या कापतात, बांजाच्या झाडावर चढून गुरांसाठी पाला त्या उतरवितात, सरपण व पाणी त्याच वाहतात. वाघाची व त्यांची वाट एकच आहे, आणि म्हणून बळींत त्यांची संख्या मोठी आहे. पालीच्या वाघिणीने जिला नेले ती बांजावरून पाला घेऊन उतरत असता पकडली गेली. दुसरी एक तरुण स्त्री थोरल्या बहिणीबरोबर गवत कापीत होती. वाघीण बहिणीला उचलून चालू लागली तेव्हा ही तिच्यामागे धावली आणि बहिणीस सोडून आपणास ने म्हणून ओरडत सुटली. वाघीण वळली, ती परतली, पण तिची वाचा गेली. वर्षभराने शिकारी वाघिणीचे कातडे घेऊन तिच्या दारी गेला तेव्हा ती पुन्हा बोलू लागली. प्रसंग खरा आहे, आणि हृदयस्पर्शी आहे. पण त्याची मांडणी पाहावी. एकट्या स्त्रीने वाघिणीचा पाठलाग केला ही ह्या ग्रंथातील सर्वांत धाडसाची घटना; ती कथेत येते ती कातडे दाखविण्याच्या प्रसंगाची पूर्वपीठिका म्हणून. दुसऱ्या दिवशी गावच्या बाकीच्या स्त्रियांनी काय केले? गवतास जाणे तर सुटत नाही. मग त्या कितीजणींनी मिळून गेल्या, कोणी पहारा केला, कोणती पाखाडी सोडून दिली, मुले कोणाकडे ठेवली? शेजार टिकतो तो ह्या ठरावांवर. ग्रंथात ते ओझरते येतात, कारण त्यांस शेवट नाही. आणि शिकारकथेस शेवट लागतो.

आणखी एक मौन आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. ज्या दशकांत हे नरभक्षक वावरले त्याच दशकांत कुमाऊंतील रानांचा ताबा बदलत होता. १९११ ते १९१७ ह्या काळात सरकारने डोंगरांतील फार मोठे वनक्षेत्र राखीव केले. चराई, पालातोड, सरपण ह्यांवर निर्बंध आले. ज्या रानाची राखण गाव आपले म्हणून करीत असे तेथे गावकरी चोर ठरू लागला. १९२१ च्या जानेवारीत बागेश्वरास उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या पुढारीपणाखाली लोकांनी वेठबिगारीची दप्तरे सरयूत बुडविली, आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात राखीव जंगले पेटली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि अखेर १९३१ साली वनपंचायतींचे नियम झाले, ज्यांअन्वये गावांस काही रानाचा कारभार परत मिळाला. ह्या वनपंचायती आजही उत्तराखंडात आहेत. श्वापदांच्या शेजारी जबाबदारीने राहणे ह्याचा सर्वांत टिकाऊ प्रयोग त्या डोंगरांत कोणता झाला असेल तर तो हाच. कोणत्या महिन्यात कोणते गवत कापावयाचे, पाला किती तोडावयाचा, राखणदार कोणाच्या खर्चाने ठेवावयाचा, हे ज्याचे त्याने ठरविणे. कॉर्बेट ह्या प्रदेशाचे पान न् पान जाणत; परंतु त्यांच्या शिकारकथांतून ह्या खळबळीचा पत्ता लागत नाही. त्यांची माणसे शूर आहेत, सोशिक आहेत, कृतज्ञ आहेत. ती कधी रागावलेली दिसत नाहीत. कॉर्बेट यांच्या सहृदयतेविषयी आम्हांस शंका नाही. पण गरिबांवर मनापासून प्रेम करणाऱ्या साहेबासही गरिबांचा राग दिसत नाही, ही त्या काळच्या सहृदयतेची मर्यादा होती, एवढे नमूद करणे भाग आहे.

(‘पवलगढचा बॅचलर’ ह्या कथेविषयीही दोन शब्द लिहावयास हवे होते. ज्या वाघाने कोणाचे काही बिघडविले नव्हते त्यास केवळ तो मोठा म्हणून १९३० साली मारल्याची ती कथा नरभक्षकांच्या ग्रंथात बसते तरी कशी, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही. असो.)

ह्या पार्श्वभूमीवर ‘द टेम्पल टायगर’ ह्या पुस्तकातील पहिली, त्याच नावाची कथा वाचावी. वाचकांत ती फारशी लोकप्रिय नाही. कारण उघड आहे, तीत शिकार होत नाही. १९१० साली पनारच्या नरभक्षक बिबळ्याच्या मोहिमेवर निघालेले कॉर्बेट वाटेत देवीधुऱ्याच्या देवळाजवळ मुक्काम करतात. आसपास एक वाघ आहे. तो गुरे मारतो, माणसांच्या वाटेस जात नाही. देवळाचा पुजारी त्यांचा स्नेही. शिकारी विचारतो, हा वाघ मारू का? पुजारी म्हणतो, खुशाल प्रयत्न करा, माझी हरकत नाही. मात्र तो तुमच्याने मारवणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्यानेही नाही. पुढे सारी कथा ह्या वाक्याची सत्यता पटत जाण्याची आहे. तरणाबांड, नेमबाजीत निष्णात असा हा शिकारी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि प्रत्येक खेपेस काही ना काही आडवे येते. एकदा तर वाघाच्या भक्ष्यावर अस्वल येऊन हक्क सांगते आणि दोघांची झुंज जुंपते. शेवटी शिकारी हरतो व आपल्या मूळ कामाकडे वळतो. वाघ राहतो.

कॉर्बेट ही कथा हसत सांगतात, थोड्या गूढाच्या छटेने. देवस्थानाच्या सामर्थ्याविषयी ते होय म्हणत नाहीत व नाहीही म्हणत नाहीत. आमच्या मते त्यांच्या साऱ्या लेखनात वाङ्मयदृष्ट्या ही कथा श्रेष्ठ आहे. साचा येथे आपोआप मोडला आहे. लांबून बंदूक घेऊन मनुष्य आला, पण गाव हतबल नव्हते, संकट म्हणावे असे काही नव्हते, आणि तो गेल्यानंतरही गावाचे जसे चालले होते तसेच चालू राहिले. त्या पुजाऱ्याचे उत्तर पुन्हा वाचण्यासारखे आहे. तो शिकाऱ्यास मनाई करीत नाही, पाप-पुण्याचा उपदेश करीत नाही, वाघाची थोरवी गात नाही. त्याच्या लेखी वाघ ही त्या ठिकाणची एक वस्तुस्थिती आहे. पाऊस, बर्फ किंवा देवीचे देऊळ जसे आहे तसा तो आहे. ज्या गावाच्या जमाखर्चात वाघाच्या नावे एक कायमचे खाते उघडलेले असते त्या गावास वाघाचा द्वेष करावा लागत नाही.

मात्र हे खाते कोणाच्या पदरातून भरले जाते हा प्रश्न ह्या सुंदर कथेसही विचारला पाहिजे. देवळाचा वाघ जेवतो तो गोरगरिबांच्या गोठ्यात. दहा गाई असलेल्यास एक गेली तर ती दैवाची गोष्ट. एकुलती एक असलेल्यास तेच दिवाळे. पुजाऱ्यास शांतपणा परवडतो, कारण गाय त्याची नव्हे. आज आपण शहरांत राहून वाघ-बिबळ्यांच्या संरक्षणाविषयी जे हौसेने बोलतो त्यांत ह्या पुजाऱ्याचा शांतपणा पुष्कळ असतो आणि त्याचे ज्ञान थोडे असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ-बिबळ्यांच्या शिकारीस बंदी घातली ते योग्यच झाले. १९३६ साली ज्या राष्ट्रीय उद्यानाच्या स्थापनेस कॉर्बेट यांनी हातभार लावला व जे पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले, तेथून १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला तेही योग्यच. पण गाय गेलेल्या माणसाचे पंचनाम्यासाठीचे हेलपाटे आणि भरपाईची वाट पाहणे हा ह्या कथेचा न लिहिलेला उत्तरार्ध आहे.

कॉर्बेट यांना ही बाजू ठाऊक नव्हती असे नाही. ती त्यांनी कृतीत उतरविली आणि लेखनात तिला गौण स्थान दिले. १९१५ च्या सुमारास त्यांनी कालाढुंगीजवळचे छोटी हल्द्वानी हे गाव विकत घेतले, कुळे वसविली, आणि रानडुकरे, हरणे व साळिंदरे पिके खातात म्हणून साऱ्या गावाभोवती दगडी भिंत बांधविली. ती भिंत अद्यापि उभी आहे. १९४७ साली ते बहिणीसह केनियास गेले व पुढे गावाची जमीन कुळांच्या नावे झाली. नरभक्षक मारण्यात जितके बुद्धिसामर्थ्य खर्च झाले त्याहून कमी ह्या भिंतीत झाले नसेल. तिच्यामुळे न घडलेल्या अनर्थांची संख्या कोणी मोजलेली नाही. परंतु ‘भिंत बांधली’ ह्यावर ग्रंथ होत नाही. ‘माय इंडिया’त रानात हरवलेल्या दोन अजाण भावंडांची एक कथा आहे, वाघ, बिबळे, अस्वले वावरतात अशा रानात ती तीन दिवस होती, आणि एकमेकांच्या मिठीत निजलेली सुखरूप सापडली. तीत गोळी सुटत नाही. तीही लोक विसरतात.

आता आपल्याकडे पाहू. मराठीतील शिकारकथा बहुधा कॉर्बेट यांच्या साच्यावर वाढल्या. त्यांचा पंचनामा मात्र आपल्या लेखकांनी क्वचितच उचलला. पुढे व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक बाजूस ठेवून नुसते पाहण्याची दृष्टी दिली आणि ‘सत्तांतर’सारखी, माणसास कडेला ठेवून वानरांच्या टोळीची कथा सांगणारी कृती लिहिली, मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून घालविलेल्या आयुष्यातून रानाचा व तेथील जाणकार माणसांच्या ज्ञानाचा मोठा ठेवा मराठीत आणला. हे मोठे काम आहे. परंतु त्यात आपण रानात जातो. रान आपल्या गोठ्यात येते तेव्हाचे वाङ्मय आपल्याकडे जवळजवळ नाही. आणि सह्याद्रीच्या कुशीत तर ते रोज येत आहे. जुन्नर, अकोले, संगमनेर ह्या भागांत ऊस वाढला, कालव्याचे पाणी आले, कुत्री, शेळ्या, डुकरे वाढली आणि बिबळ्याने उसात संसार थाटला.

वाङ्मयाचा साचा मनावर किती राज्य करतो ह्याचा अनुभव जुन्नरास आला. २००१ सालापासून तेथे हल्ले वाढले तेव्हा लोकांनी मागितला तो शेवट मागितला: पिंजरा लावा, बिबळ्या न्या, संकट संपवा. पुष्कळ बिबळे पकडून दूरच्या रानांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी ह्याचा अभ्यास करून २०११ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, हे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर सुरू होण्यापूर्वी माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत, ते नंतर १७ वर गेले. आणि जेथे बिबळे नेऊन सोडले त्या टापूंतही हल्ले सुरू झाले. आपला मुलूख सुटलेले, पिंजऱ्यात घाबरलेले, अनोळखी माणसांत सोडलेले जनावर अधिक धोक्याचे होते, हे कॉर्बेट यांचे पंचनामे मन लावून वाचणाऱ्यास नवल वाटू नये. उलट अकोल्याच्या खोऱ्यात, जेथे दर चौरस किलोमीटरास तीनशेहून अधिक माणसे राहतात, तेथे शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच पूर्ण वाढीचे बिबळे वावरत असून त्या अभ्यासाच्या काळात त्यांनी एकही माणूस मारलेला नव्हता. ह्याच अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी लोक अश्विन वद्य द्वादशीस वाघबारस करतात, शिवेवरच्या वाघोबास नैवेद्य दाखवितात. हा वाघोबा देवीधुऱ्याच्या त्या वाघाचा सह्याद्रीतील भाऊबंदच होय.

ह्यावरून सर्व आबादीआबाद आहे असे मात्र कोणी समजू नये. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात अलीकडेही माणसे, त्यांतही लहान मुले, बळी गेली आहेत. त्यांच्या आईबापांसमोर वाघोबाची महती गाणे ही क्रूरता होईल. तिकडे गढवालातही चित्र पालटले आहे. रोजगारासाठी माणसे खाली मैदानात गेली, कित्येक गावे ओस पडली, पायऱ्यापायऱ्यांची शेते पडीक होऊन घाणेरीची झुडपे घरांच्या भिंतींस लागली. बिबळ्या त्या झुडपांतून येतो, आणि मागे राहिलेली वृद्ध माणसे व शाळेची लांब वाट चालणारी मुले त्यास सापडतात. नरभक्षक जाहीर करणे, शिकारी बोलावणे, हे क्वचित अपरिहार्य होते. परंतु अंगणाभोवतीचे झुडूप कापणे, गोठ्यास भक्कम दार बसविणे, घरात शौचकूप बांधणे, संध्याकाळी मुलांस एकटे न सोडणे, मेलेली जनावरे गावाबाहेर उघडी न टाकणे, ही कामे कोणी, कोणाच्या पैशाने व कोणाच्या देखरेखीखाली करावयाची हा प्रश्न शिकारी परत गेल्यावरही राहतोच. त्या पोरक्या मुलाच्या खोलीचे दार अद्यापि बऱ्याच ठिकाणी तसेच आहे.

कॉर्बेट यांचे ग्रंथ घरात नव्याने आणणाऱ्या कुटुंबांस आमची एक सूचना आहे. क्रम उलटा धरावा. प्रथम ‘द टेम्पल टायगर’मधील ती पहिली कथा व ‘माय इंडिया’तील हरवलेल्या मुलांची कथा वाचावी, मग रुद्रप्रयाग, आणि सर्वांत शेवटी चंपावत व चौगढ. चौगढच्या कथेत ग्रंथकाराने एक कोष्टक दिले आहे: एका बाजूस गावांची नावे, दुसऱ्या बाजूस त्या त्या गावातील बळींची संख्या, आणि खाली बेरीज ६४. कथा रंगात आलेली असल्यामुळे वाचणारा ते पान बहुधा उलटतो. मुलांस मोठ्याने वाचून दाखविताना ते गाळू नये. गावांची नावे एकामागून एक, सावकाश वाचावी.